‘सुटला बिचारा’ म्हणण्याआधी

आपल्या खेड्यापाड्यात कुणी गेलं की भेटायला जाण्याची रीत आहे. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, घोंगडीवर टेकायचं, घटकाभर खाली मान घालून बसायचं. मग कुणीतरी विचारतं, "काय झालं होतं?" घरचे सगळं पहिल्यापासून सांगतात. दिवसातून वीस वेळा सांगतात. सांगून सांगून मन थोडं हलकं होत असावं, म्हणूनच ही रीत पडली असेल. पण घरातला गेलेला माणूस डोक्याच्या आजाराचा असला की ही रीत मोडते. मग कुणी काही विचारत नाही. येणारा नीट बसायच्या आतच म्हणतो, "सुटला बिचारा. तुम्हीबी सुटला."

माझा धाकटा भाऊ २०२२ च्या जानेवारीत गेला. वय ४२. त्यातली २२ वर्षं त्याला स्किझोफ्रेनिया होता. पुस्तकी मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात, गावात ‘डोक्यावर परिणाम’ म्हणतात. दहाव्यापर्यंत ‘सुटला’ हा शब्द किती जणांच्या तोंडून ऐकला त्याची मोजदाद नाही. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे कळत होतं. मीही पूर्वी दुसऱ्याच्या दारी जाऊन हेच बोललो आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या रानाचं. शाळूशिवाय दुसरं फारसं पीक नाही. आम्ही तीन भावंडं. मी थोरला, मधली बहीण, आणि हा धाकटा. बारावीपर्यंत तो हुशार. आडत्याची पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, आडत यांची बेरीज उभ्या उभ्या तपासायचा. एकदा अकरा रुपयांची चूक काढली, तेव्हा आडत्यानं त्याला हौसेनं चहा पाजला होता. कबड्डीत चढाईला तोच जायचा. १९९८ साली बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढताना नवऱ्याकडच्या मंडळींना त्यानं नाव घेऊन घेऊन आग्रह केला. एका दिवसात एवढी नावं कशी पाठ केली, असं तिच्या सासरचे लोक अजून म्हणतात. हे सगळं मुद्दाम सांगतो आहे, कारण दहा दिवसांत आम्हाला हे कुणी विचारलंच नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात तो कॉलेजला जायचा बंद झाला. रात्र रात्र जागा. आकाशवाणी सोलापूर लावलं की रेडिओवर उशी दाबून धरायचा. म्हणायचा, बातम्या देणारा माझं नाव घेतोय. त्या वर्षी ११ ऑगस्टला सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. गावानं ठरवून टाकलं की पोरानं ग्रहण बघितलं. मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. लिंबं उतरली, अंगारे झाले, देवऋष्यानं कोंबडं मागितलं ते दिलं. गाणगापूरच्या पाच पौर्णिमा केल्या. त्या वाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आईला तिथं मोकळेपणानं रडायला मिळालं, गावात ते मिळत नव्हतं. पण दोन वर्षं गेली. या आजारात औषधपाण्याला जितका उशीर, तितकं माणसाला माघारी आणणं अवघड, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

२००१ च्या उन्हाळ्यात एका रात्री तो विहिरीकडं धावला. धरून आणला आणि गोठ्यातल्या मेढीला दाव्यानं बांधला. गाठ मी मारली. त्यानंतर रोज रात्री बांधायचा आणि सकाळी सोडायचा, असं चाललं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला पहाटे तामिळनाडूत एरवाडी या गावी आग लागली. दर्ग्यापायी तिथं लांबलांबून मनोरुग्ण आणून ठेवत. माणसं साखळदंडानं बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आमच्या वडिलांनी ती बातमी पेपरात वाचली. घरी आले, कुणाशी बोलले नाहीत. गोठ्यात जाऊन दावं सोडलं आणि विळ्यानं त्याचे तुकडे केले. नवं दावं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही सोलापूरला मनोविकारतज्ज्ञांकडं गेलो.

गोळ्या सुरू झाल्या, महिन्याला एक इंजेक्शन. काही महिन्यांत कानातले आवाज कमी झाले. पूर्ण गेले नाहीत. वजन वाढलं, हाताला कापरं आलं, सकाळी उठवत नसे. विडीचं व्यसन लागलं ते वाढतच गेलं. माघारी आला तो आधीचा धाकटा नव्हता. शांत होता, जेवत होता, विचारलं तर उत्तर देत होता. पट्टीतली बेरीज मात्र पुन्हा कधी तपासली नाही. खरं सांगायचं तर आमचा भाऊ एकदा १९९९ मध्येच गेला होता. पण तेव्हा कुणी भेटायला येत नाही. माणूस समोर बसून भाकरी खातोय, त्याचा दुखवटा कसा करणार?

आणि भावंडांच्या मनात आणखी एक भीती असते, ती कुणाला सांगत नाहीत. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रात्री विहिरीवर मोटर चालू करायला गेलो आणि लांबून कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, तर मी जागीच उभा राहायचो. खरंच कुणी हाक मारली का? तिशी ओलांडेपर्यंत असं चाललं. एकाच ताटात जेवलो, एकाच गोधडीत झोपलो. मग तो का आणि मी का नाही, याचं उत्तर कुठल्या डॉक्टरांनी दिलं नाही.

धाकट्याला जमलेलं काम एकच, राखणीचं. शाळू हुरड्यात आला की पाखरांचे थवे उतरतात. रानात माळा बांधायचा, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. माळ्यावर ओरडणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही, कारण तिथं सगळेच ओरडतात. वर्षातला तो महिना-दीड महिना धाकटा गावात चारचौघांसारखा असायचा. पलीकडच्या रानातले एक म्हातारबा त्यांच्या माळ्यावरून त्याच्या हाळीला हाळी द्यायचे. हा पाखरांवर ओरडतोय की कानातल्या माणसांवर, असं त्यांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी धाकटा घरी यायचा तेव्हा घसा बसलेला आणि चेहरा निवलेला असायचा. बायको म्हणायची, बारा महिने शाळू असता तर बरं झालं असतं.

त्या जानेवारीतही राखण चालू होती. एक दिवस दुपारीच घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, छातीवर कोण तरी बसलंय."

आता तुम्हीच विचार करा. बावीस वर्षं आम्ही ऐकत आलो होतो. भिंतीत कोण आहे, कानात कोण आहे, विहिरीतनं कोण हाक मारतंय. त्यातलंच हे एक वाटलं. मी म्हणालो, "गोळी घेतलीस का? घे, आणि पड जरा." त्यानं मुकाट्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, "अजून उठला न्हाई त्यो." मी हसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली, तेव्हा अंग गार पडलं होतं.

गावाचा पहिला प्रश्न, "काय घेतलं का त्यानं?" दोघंतिघं फवारणीची बाटली शोधायला गोठ्यात शिरले सुद्धा. पोलीस पाटलांनी खबर दिली, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, तालुक्याला शवविच्छेदन झालं. हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली निघाली. डॉक्टर भले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "छातीत दुखतंय असं काही बोलले होते का?" मी ‘नाही’ म्हणालो. खोटं बोललो नव्हतो, त्या वेळी मला खरंच आठवलं नाही. चिता पेटल्यावर आठवलं.

यातली पुढची गोष्ट प्रत्येक घरानं ऐकावी अशी आहे. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात. आपल्याला वाटतं, ती जीव देऊन जातात. तसंही होतं, आणि तो धोका खरा आहे, त्याकडं डोळेझाक करू नये. पण जास्त माणसं जातात ती साध्या आजारांनी. हृदयविकार, मधुमेह, छातीचे आजार. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. विडी-तंबाखू जास्त, हालचाल कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं दुखणं कुणी खरं धरत नाही. घरचे धरत नाहीत, कधी कधी दवाखान्यातही ‘मनोरुग्ण आहे’ म्हटलं की छातीला नळी लावायची राहून जाते. दुखतंय ते सांगण्याची त्यांची भाषाही वेगळी असते. छातीवर कोणी बसलं म्हणेल, पोटात साप म्हणेल. आपण सापावर अडून राहतो आणि पोट तपासायचं विसरतो.

म्हणून तुमच्या घरी, भावकीत असा कुणी असेल तर वर्षातून एकदोनदा तरी त्याचं वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासून घ्या. छाती, दम, डावा हात, जबडा यांबद्दल काही बोलला तर हृदयाचा आलेख काढून घ्या. आलेख चांगला निघाला तर उत्तमच, भाड्याचे पैसे गेले एवढंच. मात्र हे वाचून ‘गोळ्यांनीच मारलं’ असं समजून गोळ्या बंद करू नका. तसं केलं की आजार उलटतो आणि माणूस जास्त धोक्यात येतो. औषध बदलायचं असेल तर डॉक्टरांशी बोला. सल्ल्यासाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी ती नव्हती.

‘आमच्याकडं असं कुणी नाही’ असंही म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दर तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. तीन हजार वस्तीचं गाव असेल तर दहा माणसं. जगाचा हिशोब गावाला जसाच्या तसा लागत नाही हे खरं, पण तुम्ही आताच मनातल्या मनात दोनतीन नावं घेतली असतील.

परत ‘सुटला’कडं येतो. या शब्दाचा राग यायचं खरं कारण असं की तो थोडा खरा असतो. दहाव्याच्या रात्री मी कडी न लावता झोपलो. बावीस वर्षं कान दाराकडं असायचा, कडी वाजली की उठायचं. त्या रात्री पहाटेपर्यंत गाढ झोप लागली. जाग आली, अंग मोकळं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी आपण कशानं मोकळे झालो ते आठवलं. त्या सकाळी मी आईच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. तेराव्याला एका पाहुण्यानं सांगितलं, "आता पोरीचं जमायला अडचण येणार न्हाई." माझ्या मुलीला बघायला आलेले एक स्थळ काकाची चौकशी करून परत गेलं होतं. पाहुण्याचा मला संताप आला. पण तो हिशोब त्याच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता, हे इथं कबूल करतो. दुःख आणि सुटका एकाच घरात राहतात. ती घरच्या माणसाला ठाऊक असतात. बाहेरच्यानं त्यातलं एकच उचलून हातावर ठेवलं की दुसरं कुठं ठेवायचं ते कळत नाही. मग माणूस रडायचाही लाजतो.

दुसरी गोष्ट भावंडांची. मयतीला आलेला प्रत्येक जण आधी आईकडं जातो, आणि ते योग्यच आहे. भावाला विचारतात ते सरपण आलं का, दहाव्याला माणसं किती. भाऊ कामाला लागतो, आणि बरं वाटतं म्हणून लागूनच राहतो. बहिणीचं तर त्याहून वाईट. भावकीला दहा दिवसांचं सुतक, दिल्या घरच्या लेकीला थोडक्या दिवसांचं. आमची बहीण राख सावडून झाल्यावर सासरी गेली, कारण तिकडं ऊसतोड आली होती. तिच्या घरी तिला कुणी विचारलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "एक तर ताप मिटला तुमच्या आईचा." तिनं भाकऱ्या थापता थापता ते ऐकलं. नंतर तिनं मला फोनवर एवढंच विचारलं, "भाऊ, त्याला माझं नाव शेवटपर्यंत नीट आठवत होतं न्हवं?" होतं. तिच्या पोरांचे वाढदिवस सुद्धा आठवत होते.

दहाव्याला ती परत आली. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, "बघा, कशातच जीव अडकला नव्हता त्याचा." बहीण हळूच म्हणाली, "जन्मभर पाखरं हाकलली, तरी आलं बया लगेच." त्या दहा दिवसांत आम्ही दोघं तेव्हा पहिल्यांदा हसलो, आणि मग हसण्याचं रडणं झालं. नदीच्या काठावर, सगळ्यांसमोर. माझ्यासाठी सुतक खरं तिथं सुरू झालं.

भेटायला आलेल्यांत एकच माणूस वेगळं बोलला. ते माळ्यावरचे म्हातारबा. ते बसले, बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कबड्डीत त्यानं त्या पैलवानाला कसा ओढत आणला, तुला याद हाय का रं?" मला तो प्रसंग आठवत नव्हता. त्यांनी सांगितला. बावीस वर्षं मागं जाऊन कुणीतरी माझ्या भावाला हात धरून घोंगडीवर आणून बसवलं. तुम्ही अशा घरी भेटायला गेलात तर एवढंच करा. आजाराच्या आधीचं काही आठवत असेल तर ते सांगा. नसेल आठवत तर विचारा, तो कसा होता. घरचे गप्प बसले तर बसू द्या, पण विचारा.

भाऊबीज आली. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या बहिणीला मी आहे, तरी तिनं त्या वर्षी आधी चंद्राला ओवाळलं. बीजेची कोर ती, सूर्यामागोमाग मावळते, म्हणून ताट घेऊन घाईघाईनं गच्चीवर गेली. मला पाटावर बसवून ठेवलं होतं. खाली आली आणि काही न बोलता मला टिळा लावला. तेव्हापासून दर साली तसंच करते. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

त्याची कागदांची पिशवी अजून खुंटीला आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार योजनेची कागदं, आणि दर वर्षी काढलेल्या हयातीच्या दाखल्यांच्या झेरॉक्स. माणूस हयात आहे असं लिहिलेले कितीतरी कागद. मृत्यूचा दाखला त्याच पिशवीत ठेवायला गेलो होतो. हात धजावला नाही, तो कपाटात ठेवला.

पुढच्या हंगामात राखणीला माणूस मिळेना. मजुरी वाढवून दिली तरी पोरं येत नाहीत, दिवसभर उन्हात ओरडायला आता कुणाला नको आहे. पाखरं मात्र वेळेवर आली. शेवटी मीच माळ्यावर चढलो. गोफण त्याचीच होती, दोरी मळकट झालेली, विडीचा वास येणारी. दोनचार गुंडे फेकले, आणि ओरडून बघितलं. आवाज फुटेना. पन्नाशीच्या पुढं गेलेल्या माणसाला एकट्यानं मोठ्यांदा ओरडायची लाज वाटते. पुन्हा ओरडलो. मग पुन्हा. पाखरं उठली, घिरटी घालून परत बसली.

पलीकडच्या माळ्यावर म्हातारबा उभे होते. त्यांनी हाळी दिली नाही, नुसते बघत राहिले. दुपारी बांधावर भाकरी सोडली तेव्हा मला म्हणाले, "तुझा आवाज लांब जात न्हाई. त्याचा वड्यापत्तुर जायचा."